एकत्र कुटुंब (समाजशास्त्रीय विवेचन)

एका छपराखाली राहणारे, एका चुलीवरचे अन्न खाणारे, सामाईक मालमत्ता व देवधर्म असलेले नातेवाईक, अशी एकत्र कुटुंबाची व्याख्या इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) या ग्रंथात केली. आय. पी. देसाई यांनी गुजरातमधील महुव्याच्या अभ्यासात (१९६४) छप्पर-चुलीवरचा भर सोडला. घरे वेगळी असली, तरी मालमत्ता आणि परस्पर कर्तव्यांचे बंध टिकून असतील, तर एकत्रपणा उरतोच. मुंबईच्या गिरणगावातून कोकणात मनिऑर्डर धाडणारा कामगार या कसोटीवर विभक्त ठरत नसे. शिरगणतीत मात्र त्याचे कुटुंब दोन घरांत मोडत असे. ए. एम. शहा यांनी (१९७३) घर आणि कुटुंब या संकल्पनाच वेगळ्या केल्या. पूर्वी सगळीकडे मोठीच खटली नांदत होती, हा लाडका समज त्यांनी तपासलेल्या एकोणिसाव्या शतकातील एका गुजराती गावाच्या नोंदींपुढे टिकला नाही.