हॅचरीतल्या पिल्लांना आईचा वाटा

खुडूक कोंबडीखाली निघालेलं पिल्लू पहिल्या दिवसापासून आईमागे उकिरडा उकरतं, तिच्या विष्ठेतही चोच घालतं. आतड्याला लागणारे जीवाणू त्याला तिथंच मिळतात. हॅचरीत अंडी निर्जंतुक करून यंत्रात ठेवतात, एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात आणि खोक्यांतून थेट शेडवर जातात. आईची गाठच पडत नाही. पशुवैद्य म्हणून माझी उमेदीची वर्षं अशाच शेडमध्ये गेली, म्हणून फिनलंडचे संशोधक एस्को नुर्मी यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

१९७१च्या सुमारास तिथं दूषित खाद्यातून साल्मोनेला इन्फँटिस हा रोगजंतू ब्रॉयलरमध्ये पसरला. मोठ्या कोंबड्या त्याला सहसा दाद देत नाहीत, कोवळी पिल्लं मात्र चटकन बाधित होतात. नुर्मींनी आधी नुसते लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्याताकातल्या जातीचे जीवाणू, देऊन पाहिले, पण गुण आला नाही. (ताक पाजलं तर चालेल का, असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो.) मग रांताला या सहकाऱ्यासोबत त्यांनी निरोगी, पूर्ण वाढलेल्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज पातळ करून नवजात पिल्लांना पाजला आणि मागाहून साल्मोनेला दिला. बहुतेक पिल्लं बचावली. १९७३मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. खाद्यात अँटिबायोटिक मिसळणं तेव्हा जगभर रुळलेलं होतं. त्या काळात विष्ठेकडे औषध म्हणून पाहायला धाडसच लागलं असणार.

पंगत आधीच भरली असेल तर उशिरा आलेल्याला पाट मिळत नाही, तसंच आतड्यात होतं. चांगले जीवाणू अस्तराला चिकटून जागा धरतात, अन्न संपवतात आणि अशी आम्लं तयार करतात की साल्मोनेलाला तिथं वाढणं जड जातं.

आतड्यातल्या ऐवजाच्या या मिश्रणात नेमके कोणते जीवाणू आहेत, हा प्रश्न सरकारी परवान्याच्या वेळी अडून बसला. फिनलंडमध्ये १९८७मध्ये ‘ब्रॉयलॅक्ट’ नावानं असं मिश्रण बाजारात आलं. अमेरिकेनं १९९८मध्ये मंजूर केलेल्या ‘प्रीएम्प्ट’मध्ये मात्र ओळख पटवलेले २९ जीवाणू होते, ते हॅचरीतच पिल्लांवर फवारायचे.

आपल्याकडे २०१९मध्ये कोंबड्यांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली, तेव्हापासून प्रोबायोटिकची, म्हणजे अशा चांगल्या जीवाणूंच्या औषधाची, चौकशी वाढली. माझा आग्रह एवढाच, की ते पिल्लांच्या पहिल्या पाण्यातूनच द्यावं. शेडमध्ये साल्मोनेला आधी शिरला, तर मागाहून दिलेल्या जीवाणूंचा फारसा उपयोग होत नाही. आणि त्याच पाण्यात अँटिबायोटिक घातलं, तर दिलेले जीवाणूच मरतात.