गाठोड्यातलं कापड कुणासाठी?



गोधडीचं काम घेऊन बसलं की गटात एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे घरात साठलेलं कापड. माळ्यावर एक गाठोडं, कणगीमागं दुसरं, पलंगाखालच्या ट्रंकेत तिसरं. घरधनी म्हणतात, हा पसारा काढा आता. सून म्हणते, आत्या, ह्यातलं निम्मं तरी देऊन टाका. आणि जिचं गाठोडं असतं तिला थोडी लाज वाटते, थोडा राग येतो, आणि आपल्यापाशी चार कापडं आहेत म्हणून मनातून बरंही वाटतं. एकाच बाईला हे सगळं एकदम का वाटतं, ते समजून घ्यायला आज आम्ही जरा मागं जाणार आहोत.

आपल्या आज्यांच्या काळात कापड झिजायचं, साठायला फार थोडं उरायचं. नऊवार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर सुती कापड. रोजच्या वापराची लुगडी दोन, फार तर तीन. एक अंगावर, एक दोरीवर. मधे विरलं की तेवढा भाग काढून दंड घालायचा आणि पुन्हा नेसायचं. तेही फाटलं की त्यातून बाळाचं दुपटं, लंगोट, चोळीचं अस्तर. त्यातून उरलं तर भाकरी बांधायचं फडकं, नाहीतर चुलीवरचं भांडं उतरवायचं. आणि बाईच्या पाळीच्या घड्याही ह्याच कापडाच्या. ही गोष्ट कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, पण गाठोडं कोपऱ्यात, बाप्यांच्या नजरेआड असायचं त्याचं एक कारण तेच होतं. इतकं सगळं भागल्यावर जे राहील ते गोधडीच्या पोटात.

हिशेब करून बघा. नऊवार चार पदरी घातलं की दोन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद असं अंथरूण होतं. आत जुन्या धोतराचे, सदऱ्यांचे तुकडे, वर आणखी एक लुगडं, मग कडेपासून आत आत धावदोरा. जाड वाकळ असेल तर तीन-चार लुगडी सहज गिळते. वर्षाला दोन लुगडी घेणाऱ्या घरात एका वाकळेचं कापड जमायला दोन-तीन वर्षं जायची. लेकीचं लग्न, पहिलं बाळंतपण, म्हाताऱ्याची थंडी हे सगळं डोळ्यांपुढं ठेवून आई एकेक तुकडा बाजूला टाकायची. त्या गाठोड्याला बिनकामाचा पसारा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडं आमचं विशेष लक्ष जातं. घर नवऱ्याच्या नावावर, रान सासऱ्याच्या नावावर, आणि डोरल्यातले मणीसुद्धा अडचणीला सावकाराकडं जायचे. हिंदू वारसा कायदा आला १९५६ साली. वडिलोपार्जित मिळकतीत लेकींना लेकांच्या बरोबरीनं हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं केली ती १९९४ साली. त्याआधीच्या बाईनं कशाचा निर्णय स्वतः घेतला असेल? गाठोड्यातला तुकडा कुणाला द्यायचा, ह्याचा मात्र नक्की घेतला. थोरलीला की धाकटीला, शेजारच्या बाळंतिणीला की दारात कुडकुडणाऱ्याला, हे तीच ठरवायची. बचत गट बँकांशी जोडायचा प्रयोग नाबार्डनं १९९२ साली सुरू केला. बाईची बचत त्याच्या कितीतरी आधीपासून कोपऱ्यात बांधून ठेवलेली होती.

मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली १८५४ साली आणि दोन वर्षांनी ती गिरणी चालू झाली. पुढं गिरण्या वाढल्या, घाटावरची आणि कोकणातली माणसं तिथं राबायला गेली. तरी खेड्यातल्या बाईच्या दोरीवर लुगडी दोनच राहिली. परळला ३१ जुलै १९२१ रोजी गांधीजींच्या हस्ते विलायती कपड्यांची मोठी होळी झाली. असं कापड जाळणं दीनबंधू अँड्र्यूज यांना पटलं नव्हतं, आणि त्यांनी ते गांधीजींना कळवलंही होतं. आम्हाला दोघांचंही म्हणणं समजतं. पण जाळलेल्या कापडाची तारीख शाळेच्या पुस्तकात सापडते आणि जपलेल्या कापडाची कुठंच सापडत नाही, हे आम्हाला खटकतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. कापड इतकं दुर्मिळ झालं की १९४३ साली सरकारनं कापड आणि सूत यांच्यावर नियंत्रणाचा हुकूम काढला. ज्या बायकांनी ते दिवस काढले त्यांच्या हातून पुढं जन्मभर बोटभर चिंधी टाकवली नाही. आणि त्यांनी वाढवलेल्या लेकीसुनांना ती सवय टंचाई संपल्यावरही चिकटून राहिली. आज साठीपुढची एखादी मावशी दोऱ्याचं टोकसुद्धा रिळाला गुंडाळून ठेवते, तेव्हा तिला हसण्याआधी हे आठवावं.

गाठोड्याला पहिली ओहोटी लागली ती बोहारणीमुळं. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारात आली, की चार जुन्या साड्यांवर एक स्टीलचं पातेलं. घासाघीस काय विचारता! ‘आणखी एक शर्ट टाक ताई’ म्हणत तिनं किती जणींची गाठोडी रिकामी केली. पण स्टील नवं होतं, त्याला कल्हई लागत नव्हती, आणि पातेलं चारचौघीत दाखवता येत होतं. चिंध्यांना मोल आहे हे पुरुषमंडळींना पहिल्यांदा समजलं ते बहुधा तेव्हाच.

खरा पालट झाला तो कापडाच्या जातीत. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते, आणि कित्येक गिरण्या नंतर नीट उभ्या राहिल्याच नाहीत. त्याच सुमाराला सुरतेच्या कृत्रिम धाग्याच्या स्वस्त साड्या बाजारात भरू लागल्या. नऊवारीची सहावारी झाली होतीच, आता सुताचं पॉलिस्टर झालं. हे कापड विरत नाही. घाम टिपत नाही म्हणून त्याचं दुपटं होत नाही, पाणी शोषत नाही म्हणून फडकं होत नाही, ठिणगी पडली की वितळतं म्हणून चुलीपाशी नको. आणि घरात येतं मात्र ढिगानं. लग्नातला आहेर, ओटी, हळदीकुंकू, वास्तुशांत. एकेक ब्लाउजपीस तर तीन गावं फिरून पुन्हा आपल्याच पदरात येतो.

म्हणजे आजीचं गाठोडं आणि आपलं गाठोडं दिसायला सारखं, पण तिचं रिकामं होत होतं, आपलं होत नाही. मनाची ओढाताण होते ती इथं. टाकवत नाही, कारण टाकणं हे पाप असं अंगात भिनलंय. वापरवत नाही, कारण ते त्या कामाचंच नाही.

ह्यावर फार जुना विचार झालेला आहे. बुद्धाच्या काळी भिक्खू टाकलेल्या कापडाचे तुकडे जोडून चीवर शिवत. मगधातली बांध घातलेली शेतं दाखवून तथागतांनी आनंदाला तशाच नमुन्याचं चीवर करायला सांगितलं, असं विनयपिटकात आहे. तिथंच जादा चीवर ठेवण्याबद्दल नियम आहे. आनंदाला एक वस्त्र मिळालं, ते त्याला सारिपुत्तासाठी ठेवायचं होतं. सारिपुत्त होता दूर साकेतला. तो किती दिवसांत येईल, असं विचारल्यावर आनंद म्हणाला, नवव्या किंवा दहाव्या दिवशी. तेव्हा जादा वस्त्र दहा दिवस ठेवायची मुभा मिळाली. कापड अपुरं असेल आणि आणखी मिळायची आशा असेल, तर महिनाभर. हा नियम गटात सांगितला तेव्हा बायका पोट धरून हसल्या. दहा दिवसांत आमची सुईसुद्धा सापडत नाही, असं एकजण म्हणाली. पण आम्हाला त्यातली एक गोष्ट फार आवडली. किती ठेवायचं हे ठरवताना आधी विचारलं गेलं, ज्याच्यासाठी ठेवलंय तो कधी येणार.

आता आमच्या गटातल्या हिशेबाचं. गोधड्यांची किंमत लावताना दोरा लिहितात, सुया लिहितात, मजुरी लिहितात, आणि कापडापुढं ‘घरचं’ असं लिहून शून्य मांडतात. आम्ही त्याला तयार नाही. दोन-तीन वर्षं राखलेलं सुती कापड फुकट कसं? म्हणून आम्ही कापड वजन करून वहीत लिहितो, आणि त्याचे पैसे जिचं कापड तिला वेगळे देतो. त्याआधी ढीग निवडायला बसतो. शंका असेल तर कडेचा एक धागा काढून जाळून बघायचा. सुताची कागदासारखी राख होते आणि बोटांनी चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. सुती ते गोधडीला. पॉलिस्टरच्या पिशव्या, पायपुसणी, तोरणं. उरलेलं भंगारवाल्याला किलोवर, आणि ते देताना जीव कासावीस झाला तर होऊ द्यावा, थोड्या वेळानं बरं वाटतं.

तिसरा एक लहानसा ढीग बाजूला राहतो. त्याला आम्ही काटा लावत नाही. मागच्या खेपेला त्यात एक हिरवं लुगडं होतं, दोन ठिकाणी दंड घातलेलं. जिचं होतं ती म्हणाली, हे नातीच्या बाळाचं. नात अजून दहावीला आहे.