बंब, गिझर आणि गच्चीवरचं ऊन

गेल्या जानेवारीतली गोष्ट. रविवार होता, कडाक्याची थंडी होती, आणि घरात पाहुणे धरून सात माणसं. एकापाठोपाठ एक आंघोळी चालल्या होत्या. शेवटून दुसरी आमची नात गेली. अकरा वर्षांची पोर. पाण्याचा आवाज येत होता, पण बराच वेळ झाला तरी ती बाहेर येईना. हाका मारल्या, उत्तर नाही. मुलाने खांदा लावून कडी तोडली तेव्हा पोरगी भिंतीला टेकून बसलेली, मान कललेली. भिंतीवर गॅसचा गिझर शांतपणे जळत होता.

उघड्या गच्चीत नेल्यावर तिने डोळे उघडले. पुढे दवाखाना, प्राणवायू, आणि एक अख्खी रात्र. डॉक्टर म्हणाले, कार्बन मोनॉक्साइड. आणखी पाच-सात मिनिटं गेली असती तर... असो. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, मीही करत नाही.

दोष कोणाला द्यायचा? थंडी म्हणून खिडकी आम्हीच गच्च लावलेली. गिझर न्हाणीघराच्या आत बसवा, असं आम्हीच सांगितलेलं. तो बाहेर हवेशीर जागी असायला हवा, ही गोष्ट आम्ही कधी वाचलीच नव्हती. दुसऱ्याच दिवशी तो काढून टाकला आणि प्रश्न उभा राहिला, आता काय बसवायचं? घरात रीतसर सभा भरली. मुलगा म्हणाला, गॅसचाच ठेवू पण बाहेर, ड्राय बाल्कनीत. सून म्हणाली, विजेचा. हे म्हणाले, सोलर. मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे मला सवय अशी की कुठलाही निर्णय घ्यायचा झाला की आधी मागे जाऊन बघायचं!

तर मागे जाऊ या.

आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात तांब्याचा बंब होता. आजोबांनी तांबट आळीतून आणलेला. पेशवाईत कोकणातून पुण्यात आलेल्या तांबटांची ही कसब्यातली आळी. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने ठोके देत देत भांडं घडवायचं, त्याला मठारकाम म्हणतात. आमच्या बंबाच्या अंगावर ते ठोके अजून मोजता येतात. नव्या पिढीसाठी सांगते, बंब म्हणजे मधोमध उभं नळकांडं, त्यात विस्तव, खाली जाळी आणि राखेची जागा, आणि नळकांड्याभोवती पाणी. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते तळाशी जायचं आणि वरचं कढत पाणी तोटीतून बाहेर यायचं. रशियात तुला गावचे समोवार प्रसिद्ध आहेत, त्यांचीही रचना अशीच, मध्ये विस्तव आणि भोवती पाणी. त्यांनी त्यावर चहा केला, आपण आंघोळी केल्या. आग विझवणाऱ्या गाडीलाही आपण बंबच म्हणतो. पोर्तुगीज भाषेत पंपाला 'बोम्बा' म्हणतात, तेव्हा या शब्दाचं माहेर शोधायला फार लांब जायला नको.

हा बंब १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात सापडला. आम्ही मुलं पर्वतीवर. पाणी ओसरल्यावर परत आलो तर न्हाणीत कमरेएवढा चिखल. वडिलांनी तो उकरला आणि आडवा झालेला बंब बाहेर काढला. बुडाशी पोचा आला होता, एका ठिकाणी डाग द्यावा लागला, एवढंच. त्या पावसाळ्यात घरात धड चाललेली ती एकच वस्तू होती. आमच्या आत्तेभावंडांना हे नक्की आठवत असेल.

पण बंबाच्या आठवणी काढताना आपण एक गोष्ट विसरतो. तो पेटवायचं कोण? पहाटे पाचला आई उठायची. वखारीतल्या ढलप्या, गोवऱ्या, करवंट्या, जे असेल ते. फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल व्हायचे. मग आंघोळीचा क्रम ठरलेला. आधी वडील, कारण त्यांना कचेरी. मग आम्ही शाळेची मुलं. मग आजी. घंगाळात पाणी काढून आई प्रत्येकाला विसण घालून द्यायची. तिची स्वतःची पाळी अगदी शेवटी, विस्तव निवल्यावर. तिला विसण लागायचंच नाही! दिवाळीत बंब चिंच-राखेने घासून लखलखीत करायचा आणि त्याला झेंडूची माळ घालायची, तेही काम तिचंच. बंबाचे फोटो टाकून 'गेले ते दिवस' म्हणणाऱ्यांनी (त्यात मीही आले) हे लक्षात ठेवावं.

आता गिझर. हा शब्द आइसलँडचा. तिथे 'गेसिर' नावाचा उसळत्या गरम पाण्याचा झरा आहे, त्याच्या नावावरून तसल्या साऱ्या झऱ्यांना हे नाव पडलं. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉघन नावाच्या माणसाने गॅसच्या ज्योतीवर पाणी तापवणारं यंत्र केलं आणि त्याला हेच नाव दिलं. मॉघन पेशाने रंगारी होता. त्याच्या यंत्रात गार पाणी ज्योतींवरून वाहत यायचं आणि तापून टबात पडायचं. झटपट काम! पण त्यात एक गोष्ट नव्हती. जळलेला वायू बाहेर न्यायला धुराडं नव्हतं. हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. दीडशे वर्षांपूर्वीच्या पहिल्या गिझरची जी खोड, तीच आम्ही आमच्या न्हाणीघरात स्वतःच्या हाताने तयार केली होती.

बंबालाही आगच होती की, मग तेव्हा असं का होत नव्हतं? एक तर आमच्या न्हाणीला वर कौलं आणि दाराला बोटभर फटी. वारा मोकळा खेळायचा. दुसरं म्हणजे लाकडाचा धूर डोळ्यांत जातो, खोकला आणतो, माणूस आपोआप बाहेर पळतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने चिकटतो. तशी बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजलेली माणसं तेव्हाही दगावत. म्हणजे जुनं ते सगळं सोनं असंही नाही. धूर निदान सांगून येत होता, इतकंच.

पुढे १८८९ मध्ये नॉर्वेहून अमेरिकेला गेलेल्या एडविन रूडने आपोआप चालणारा, पाणी साठवून ठेवणारा हीटर केला. आपल्याकडे कोयनेची वीज १९६२ पासून मिळू लागली, आणि हळूहळू मध्यमवर्गाच्या घरात विजेचे गिझर शिरले. कोथरूडच्या या घरात १९८४ साली आम्हीही घेतला आणि बंब माळ्यावर गेला. मग २००० नंतरच्या दशकात भारनियमन आलं. सकाळीच वीज गायब. म्हणून २००७ साली गॅसचा गिझर आला. मध्ये एकदा बदलला, तो हा. बघा, प्रत्येक वेळी आदल्या अडचणीवर आपण उपाय शोधतो आणि नवी अडचण तोटीतून येते.

आता सूर्याची गोष्ट. मला वाटायचं सोलर म्हणजे अगदी कालपरवाचं. पण १८९१ मध्ये बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने काळ्या टाक्या काचेच्या पेटीत बसवून पाणी तापवण्याचं पेटंट घेतलं होतं! त्यातलं पाणी रात्री गार व्हायचं. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने तापवायची पेटी आणि साठवायची टाकी वेगळी केली आणि टाकीला उबदार आवरण घातलं. सकाळीही गरम पाणी मिळू लागलं. त्याने नाव ठेवलं 'डे अँड नाइट'. पुढे तिकडे नैसर्गिक वायू स्वस्त झाला आणि बेलीची हीच कंपनी गॅसचे हीटर करू लागली. ती उन्हाकडून गॅसकडे गेली, आम्ही गॅसकडून उन्हाकडे निघालो!

शेवटी गणित मांडलं. वीस लिटरची एक बादली पंचवीस अंशांनी तापवायला ५०० किलोकॅलरी लागतात. विजेच्या एका युनिटात ८६० असतात. म्हणजे बादलीला अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त, आणि पाच माणसांच्या पाच बादल्यांना रोज जवळजवळ तीन युनिटं. पुण्यात स्वच्छ दिवशी गच्चीच्या एका चौरस मीटरवर साधारण पाच युनिटांएवढं ऊन पडतं. अर्धं हाती लागलं तरी दोन चौरस मीटर पुरे. अडचण फक्त पावसाळ्याची.

म्हणून सभेचा ठराव असा झाला. गच्चीवर दीडशे लिटरचा सोलर. ढगाळ दिवसांसाठी पंचवीस लिटरचा विजेचा गिझर, जास्त तारे असलेला, आणि अर्थिंग तपासूनच. गॅस न्हाणीघरात पुन्हा नाही. बाहेर बसवला तर तो सुरक्षित आहे, हे मुलाचं म्हणणं मला पटतं. पण या घरात ते आता होणार नाही. काही निर्णय हिशेबाने होतात, काही भीतीने, आणि दोन्ही एकाच बाजूला पडले तर फार चर्चा करू नये. तुमच्या घरी गॅसचा गिझर आत असेल तर हे वाचून झाल्यावर आधी तो कुठे आहे ते बघा, अभिप्राय मग द्या.

विजेवाल्याने जाताना माळ्यावरचा बंब पाहिला आणि मोडीचा भाव सांगितला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू दे.

नात अजून आतून कडी लावत नाही. कोणी तिला लाव म्हणतही नाही. पण परवा नव्या सोलरच्या पाण्याने पहिली आंघोळ तिनेच केली आणि आतून गाण्याचा आवाज आला. आम्ही सगळे बाहेर आपापली कामं करत असल्याचं दाखवत उभे होतो. मग एकेक करून सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. माझी पाळी शेवटची होती.

पाणी इतकं कढत होतं की मला विसण घ्यावं लागलं.