'दखल' : एका शब्दाचा अर्थेतिहास

पिंपरीतील संत तुकाराम नगरासारख्या वसाहतीत दोन शेजाऱ्यांचे भांडण हातघाईवर आले आणि एकास साधी दुखापत झाली, तर पोलीस ठाण्यात त्याची तक्रार सामान्यतः 'अदखलपात्र' म्हणून नोंदली जाते. तक्रारदार मराठी असल्यास त्याला ह्या शब्दातून 'दखल घेण्याच्या योग्यतेचे नाही' असा अर्थ ऐकू येतो, व आपला अवमान झाला असे वाटून तो परततो. तोच शब्द बिहारातून किंवा उत्तर प्रदेशातून कारखान्यात कामाला आलेल्या माणसाच्या कानी पडला, तर त्याच्या मनात 'कब्जा' किंवा 'ढवळाढवळ' हे अर्थ उभे राहतात. कायद्याचा आशय पाहू गेल्यास परप्रांतीयाचा अर्थ त्याच्या अधिक जवळ जातो, हे नवल वाटण्याजोगे आहे. त्याचे कारण शब्दाच्या इतिहासात शोधावयास हवे.

१. 'दखल' हा शब्द मूळचा अरबी असून त्याच्या धातूचा अर्थ 'आत शिरणे' असा आहे. 'दाखल' व 'दाखला' हे मराठीत पूर्णपणे रुळलेले शब्द त्याच धातूपासून निघालेले होत. फारसीच्या द्वारे तो उर्दूत आला तेव्हा मूळ अर्थास तीन फाटे फुटलेले दिसतात. जमिनीत शिरणे म्हणजे ताबा. दुसऱ्याच्या व्यवहारात शिरणे म्हणजे ढवळाढवळ. आणि विषयात शिरणे म्हणजे ज्ञान. एखाद्या कलेत 'दखल असणे' म्हणजे त्या कलेत गती असणे, हा उर्दूतील प्रयोग तिसऱ्या फाट्याचा होय. मराठीतही 'विषयात प्रवेश असणे' असे आपण म्हणतोच.

ह्या फाट्यांचे भाग्य प्रदेशपरत्वे निराळे ठरले. बंगालीत ताब्याचा अर्थ प्रबळ झाला. फाळणीनंतर निर्वासितांनी मोकळ्या जमिनींवर वसविलेल्या वस्त्यांना तेथे 'जबरदखल' हे विशेषण लागले. बिहारात जमिनीच्या नोंदीतील बदलास 'दाखिल-खारिज' म्हणतात. महाराष्ट्राच्या महसुली भाषेत मात्र त्या जागी 'फेरफार' आणि 'ताबा' हे शब्द स्थिर झाले. जमिनीच्या व्यवहारातून 'दखल' अशा रीतीने मोकळी झाली व तिच्याकडे ज्ञानाचे क्षेत्र आले. 'दखल देणे' व 'दखलगिरी' ह्यांत ढवळाढवळीचा अर्थ शिल्लक राहिला खरा. परंतु आजच्या मराठीत सर्वाधिक प्रचलित असलेला प्रयोग 'दखल घेणे' हाच होय, आणि त्याचा अर्थ लक्षात घेणे, नोंद घेणे असा आहे.

२. ढवळाढवळीच्या अर्थाचे दुसरे उर्दू शब्द 'मुदाखलत' व 'दस्तअंदाजी' हे होत. पैकी 'मुदाखलत' हा 'दखल'चाच भाऊबंद असून 'मुदाखलत-ए-बेजा' ही संज्ञा उर्दू कायद्यात फौजदारीपात्र अतिक्रमणासाठी वापरतात. १८६०च्या भारतीय दंडसंहितेच्या उर्दू भाषांतरात प्रसिद्ध कादंबरीकार नझीर अहमद ह्यांचा सहभाग होता, ही गोष्ट ह्या परिभाषेच्या इतिहासात लक्षणीय आहे. 'दस्तअंदाजी' शब्दात 'दस्त' म्हणजे हात आणि 'अंदाज' म्हणजे टाकणारा. संस्कृत 'हस्तक्षेप' शब्दाची घडण हिच्याशी घटकशः जुळते. तेव्हा 'हस्तक्षेप' हा शब्द फारसीच्याच साच्यात ओतलेला असावा, असे मानण्यास जागा आहे.

इंग्रजीने ह्याच कल्पनेसाठी निरनिराळी चित्रे वापरली. 'इंटरफिअर' शब्दाच्या मुळाशी फ्रेंच भाषेतील 'एकमेकांवर आघात करणे' ही क्रिया आहे; चालताना घोड्याचे पाय एकमेकांवर आपटणे ह्यासही तो शब्द लावीत. 'इंटरव्हेन' म्हणजे लॅटिन अर्थाने 'मध्ये येणे'. मराठी 'मध्ये पडणे' त्याच्या शेजारी ठेवता येईल. 'मेडल' शब्दाचा मूळ अर्थ 'मिसळणे' असा असल्यामुळे तो आपल्या 'ढवळाढवळी'चा जवळचा सोबती ठरतो. सारांश, एकाच उर्दू शब्दास कोशात एक इंग्रजी प्रतिशब्द देऊन भागत नाही. शिरणे, हात घालणे, मध्ये येणे, ढवळणे ह्या चार क्रियांत दोषाचे प्रमाण सारखे नाही.

३. आता मूळ प्रश्नाकडे वळू. फौजदारी प्रक्रियेतील 'कॉग्निझेबल' ही इंग्रजी संज्ञा 'जाणणे' ह्या लॅटिन धातूपासून आलेली आहे. १८९८च्या संहितेतील तिची व्याख्या मात्र जाणण्यावर आधारलेली नाही. अधिपत्रावाचून अटक करण्याच्या पोलिसांच्या अधिकारावर ती आधारलेली आहे. १९७३च्या संहितेने आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हेच तत्त्व कायम ठेवले. उर्दू भाषांतरकारांनी व्युत्पत्ती बाजूस सारून व्याख्येचा अनुवाद केला व 'काबिल-ए-दस्तअंदाजी' म्हणजे 'हात घालण्याजोगा' असा शब्द योजला. हिंदीने व्युत्पत्तीस धरून 'संज्ञेय' शब्द घेतला. मराठीने 'दखलपात्र' हा शब्द स्वीकारला.

ही निवड चुकीची होती असे म्हणता येत नाही. 'दखल' शब्दात जाणणे आणि हात घालणे हे दोन्ही अर्थ नांदत होते, आणि मूळ संज्ञेतही नेमकी तीच द्विविधता होती. पुढे लोकव्यवहारात पहिला अर्थ वाढत गेला व दुसरा आकसत गेला. संज्ञा होती तेथेच राहिली. परिणाम असा की 'अदखलपात्र' म्हणजे 'क्षुल्लक' असा समज रूढ झाला. वस्तुतः अशा तक्रारीचा सारांश विहित पुस्तकात नोंदवून तक्रारदारास दंडाधिकाऱ्याकडे पाठविणे हे पोलिसांचे कर्तव्य १९७३च्या संहितेच्या कलम १५५ मध्ये होते व नव्या संहितेच्या कलम १७४ मध्ये आहे. दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना तिचा तपास करता येत नाही, इतकाच तिच्यातील भेद. म्हणजे रूढ अर्थाने पाहता अदखलपात्र गुन्ह्याचीही दखल घेतली जाते. दिली जात नाही.

'घेणे' आणि 'देणे' ह्या दोन क्रियापदांतील हे अंतर सामान्य माणसास महाग पडते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास प्रथम खबर नोंदविणे बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात दिला. त्यामुळे गुन्हा कोणत्या वर्गात पडतो ह्यास अधिकच महत्त्व आले. अदखलपात्र ठरलेल्या तक्रारीसाठी दंडाधिकाऱ्याचे दार उघडे असते. परंतु शब्द ऐकून खचलेला माणूस तेथवर जातच नाही.

परिभाषा घडविताना शब्दाची व्युत्पत्ती आणि संज्ञेची व्याख्या पाहण्याचा प्रघात आहे, व तो योग्यच आहे. 'दखल' शब्दाचा इतिहास त्यात तिसऱ्या कसोटीची भर घालतो : तो शब्द ज्याच्यावर लागू व्हावयाचा, त्याच्या बोलीत तो कोणत्या क्रियापदाबरोबर नांदतो, हेही पाहिले पाहिजे.