नजरेआडची ओळख : आफ्रिकन-अमेरिकन विद्यापीठांतील प्रेमपरिचयाचा इतिहास

अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या आवारात तरुण-तरुणींनी एकमेकांना निवडण्याची रीत कशी घडत गेली, हा विषय वरकरणी खासगी वाटला, तरी तो त्या समाजाच्या स्वातंत्र्यलढ्यापासून वेगळा काढता येत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस टोपणनावाने आणि चेहरा न दाखवता संगणकाच्या पडद्यावर ओळख करून घेण्याची सोय झाली, तेव्हा या समाजातील अनेक विद्यार्थ्यांनी ती मोठ्या आपुलकीने स्वीकारली, आणि त्यामागे केवळ नव्या यंत्राचे आकर्षण होते असे म्हटल्याने या घटनेचा उलगडा होत नाही. ज्या समाजाच्या प्रेमावर पिढ्यान्‌पिढ्या परक्यांची नजर राहिली, त्या समाजातील शिकलेल्या माणसाला आपण आधी शब्दांतून ओळखले जावे आणि मग डोळ्यांपुढे यावे असे वाटणे स्वाभाविक होते. त्या इच्छेची मुळे संगणकाच्या फार मागे जातात.

गुलामगिरीच्या काळात दक्षिणेकडील राज्यांचा कायदा गुलामांचा विवाह मानतच नव्हता. विवाह हा करार आहे आणि जो माणूस स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता आहे त्याला करार करण्याचा अधिकार असू शकत नाही, अशी त्या कायद्याची धारणा होती; शिवाय व्हर्जिनियाने १६६२ साली केलेल्या कायद्याप्रमाणे मुलाचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरत असल्याने गुलाम स्त्रीचे प्रत्येक मूल मालकाच्या संपत्तीत जमा होत असे. तरीही माणसे जोडीदार निवडत राहिली, झाडूवरून उडी मारण्यासारख्या साध्या विधीने संसार मांडत राहिली आणि विक्रीमुळे एकमेकांपासून तुटतही राहिली. यादवी युद्ध संपल्यावर, १८६५ साली मुक्त झालेल्या गुलामांसाठी केंद्र सरकारने स्थापलेल्या कार्यालयाने, म्हणजे फ्रीडमेन्स ब्यूरोने, अशा जोडप्यांची विवाहनोंद करून त्यांना दाखले दिले. सरकारी कागदावर पती-पत्नी म्हणून नाव लागणे हे त्या पिढीला मताधिकाराइतकेच मोलाचे वाटले असेल, असे मानण्यास भरपूर आधार आहे.

ताटातूट झालेल्यांचा शोध घेण्याचे साधन मात्र वृत्तपत्र हेच होते. न्यू ऑर्लिन्सहून निघणाऱ्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट’ या पत्रात ‘लॉस्ट फ्रेंड्स’ नावाचे सदर चालत असे. वर्गणीदार नसलेल्याला त्यातील मजकुरासाठी पन्नास सेंट मोजावे लागत आणि चर्चमधील धर्मोपदेशकांनी तो मजकूर उपासनेच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवावा, अशी अपेक्षा असे. या निवेदनांचा घाट बहुधा ठरलेला होता : आपला जुना मालक कोण, त्याने आपल्याला कोणाला विकले, आईचे नाव काय, भावंडे किती, शेवटची भेट कोणत्या गावी झाली. चेहऱ्याचे वर्णन देऊन फारसा उपयोग नव्हता, कारण मध्ये वीस-तीस वर्षे लोटलेली असत. माणूस ओळखायचा तो त्याच्या सांगितलेल्या आयुष्यावरून. न दिसणाऱ्या माणसाशी शब्दांच्या आधाराने नाते जोडण्याचा हा या समाजाचा पहिला मोठा, सार्वजनिक अनुभव होता.

याच काळात महाविद्यालये उभी राहिली. नॅशव्हिलचे फिस्क १८६६ साली, वॉशिंग्टनचे हॉवर्ड १८६७ साली, व्हर्जिनियातील हॅम्प्टन १८६८ साली, अटलांटामधील मुलींचे स्पेलमन आणि अलाबामातील टस्कीगी १८८१ साली. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, तेव्हा यांतील पहिल्या तीन संस्था नुकत्याच पाय रोवत होत्या. यांपैकी बहुतेक ठिकाणी मुलगे आणि मुली एकत्र शिकत असत, आणि नेमक्या याच गोष्टीमुळे त्यांच्यावरील देखरेख कडक झाली. कृष्णवर्णीय माणूस स्वभावतःच स्वैर असतो, हा गोऱ्या समाजाचा हीन आरोप खोटा ठरवण्याचे ओझे या मुलामुलींच्या खांद्यावर होते. मिशनरी शिक्षकांना चारित्र्याची चिंता होती, उत्तरेकडील देणगीदारांना शिस्तीचा दाखला हवा होता आणि पहिल्यांदाच मुलगी घराबाहेर धाडणाऱ्या आईवडिलांना तिच्या सुरक्षिततेची हमी हवी होती. या सर्वांचा मिळून एक नियमसंच तयार झाला. मुलाने मुलीला भेटायचे ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, वसतिगृहाच्या दिवाणखान्यात आणि मेट्रनच्या, म्हणजे निवासी अधीक्षिकेच्या, डोळ्यांसमोर.

फिस्कमध्ये हा ताण प्रथम फुटला. १९१५ पासून अध्यक्ष असलेले गोरे समाजशास्त्रज्ञ फेयेट मॅकेन्झी यांनी प्रतिष्ठानांकडून मोठा निधी उभा करण्याचा ध्यास घेतला होता आणि त्या प्रयत्नांच्या काळातच विद्यार्थ्यांची स्वशासन संस्था आणि नियतकालिक दोन्ही बंद पाडली गेली. मुलींच्या पोशाखावर बारीकसारीक बंधने आली आणि अधीक्षिकेच्या परवानगीवाचून मुलामुलींनी एकत्र चालणे-बोलणेही अपराध ठरले. १९२४ च्या पदवीदान समारंभाच्या वेळी फिस्कचेच माजी विद्यार्थी आणि थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस तेथे आले. त्यांची कन्या योलांड त्याच वर्षी पदवीधर होत होती, आणि त्या निमित्ताने त्यांनी अध्यक्षांच्या उपस्थितीतच या कारभारावर कठोर टीका केली. फेब्रुवारी १९२५ मध्ये विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, अध्यक्षांनी शहराचे पोलीस बोलावले, आणि गोऱ्या पोलिसांना आपल्या मुलांवर सोडणारा अध्यक्ष नॅशव्हिलमधील कृष्णवर्णीय नागरिकांना सहन होईना. वर्ग ओस पडले आणि एप्रिलमध्ये मॅकेन्झी यांना पद सोडावे लागले. या संपाकडे शिक्षणातील स्वायत्ततेचा लढा म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण मुलाशी चार शब्द मोकळेपणाने बोलता यावेत ही साधी मागणीही त्यात होती, आणि ती दुय्यम मानण्याचे कारण नाही.

हॅम्प्टनमधील प्रसंग तर अधिक बोलका आहे. ऑक्टोबर १९२७ मध्ये तेथील ऑग्डेन हॉल या मोठ्या सभागृहात चित्रपट दाखवला जाणार होता, आणि अंधाराचा फायदा घेऊन मुलामुलींनी जवळीक करू नये म्हणून चित्रपट चालू असतानाही दिवे लावून ठेवण्याचा आदेश निघाला. उजेडात पडद्यावरचे चित्र फिके दिसणारच. पण विद्यार्थ्यांना झोंबला तो आपल्या चारित्र्यावर उघडपणे घेतलेला संशय. पाहता पाहता निषेधाचे रूपांतर संपात झाले, प्रार्थनेच्या वेळी पाहुण्यांपुढे गीते गाण्यास विद्यार्थ्यांनी नकार दिला, महाविद्यालय काही काळ बंद करावे लागले आणि अनेकांवर निलंबनाची कारवाई झाली. एका वर्षापूर्वीच व्हर्जिनिया राज्याने सार्वजनिक सभागृहांत गोऱ्या आणि काळ्या प्रेक्षकांना वेगळे बसवण्याची सक्ती करणारा कायदा केला होता आणि त्याचे निमित्त हेच सभागृह होते. एकाच छताखाली कोणी कोणाशेजारी बसावे हे राज्य ठरवत होते आणि दिवा मालवावा की नाही हे महाविद्यालय ठरवत होते. तरुणांच्या दृष्टीने ही एकाच अपमानाची दोन रूपे होती.

हॉवर्डमध्ये ल्यूसी डिग्ज स्लो यांनी वेगळी वाट दाखवली. १९०८ साली स्थापन झालेल्या अल्फा कप्पा अल्फा या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या पहिल्या ग्रीक-अक्षरी भगिनीसंघाच्या त्या एक संस्थापिका. १९२२ साली त्या हॉवर्डच्या पहिल्या स्त्री-अधिष्ठाता, म्हणजे विद्यार्थिनींच्या शिक्षणाची आणि कल्याणाची जबाबदारी असणाऱ्या अधिकारी, झाल्या आणि १९३७ मधील मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिल्या. मुलींवर पहारा ठेवण्यापेक्षा त्यांना स्वतःचे निर्णय घेण्याचा सराव द्यावा, असे त्यांचे आग्रही प्रतिपादन होते. या सर्व कहाणीत मुलींच्या विवेकावर इतका ठाम विश्वास ठेवणारी अधिकारपदावरील व्यक्ती क्वचितच भेटते, आणि म्हणून त्यांचे स्थान मोठे आहे.

बाहेरच्या नजरेइतकीच आतली नजरही बोचरी होती. उजळ कांती आणि सरळ केस यांना समाजातच जो मान मिळे, त्याचा परिणाम मैत्रीवर, संघांच्या सदस्यत्वावर आणि अर्थातच जोडीदाराच्या निवडीवर होत असे. मोअरहाउस महाविद्यालयाचे पदवीधर असलेले दिग्दर्शक स्पाइक ली यांनी १९८८ साली ‘स्कूल डेझ’ या चित्रपटात हा अंतर्गत वर्णभेद उघडपणे मांडला, तेव्हा तो विषय किती दुखरा आहे हे दिसून आले. अशा समाजात पत्राने जुळलेल्या ओळखीला वेगळे मोल होते. डेटन शहरात लिफ्ट चालवून पोट भरणारा कवी पॉल लॉरेन्स डनबार याने १८९५ साली एका नियतकालिकात न्यू ऑर्लिन्सच्या स्ट्रेट विद्यापीठात शिकलेल्या ॲलिस रूथ मूर या तरुण लेखिकेची कविता आणि छायाचित्र पाहिले आणि तिला पत्र लिहिले. पुढे जवळजवळ दोन वर्षे, १८९७ मधील पहिल्या भेटीपर्यंत, त्यांचे प्रेम केवळ कागदावर वाढले. साहित्य आणि लेखनातील महत्त्वाकांक्षा हे त्यांच्या पत्रांचे विषय होते. डनबारचा गडद वर्ण ॲलिसच्या उजळ कांतीच्या घराण्याला खटकत होता, तरी १८९८ साली दोघांनी विवाह केला. मात्र पत्रांत हळुवार असलेला हा कवी सहवासात दारूच्या आहारी गेलेला आणि हिंसक निघाला आणि १९०२ साली ॲलिस त्याच्यापासून कायमची वेगळी झाली. त्या काळच्या सुशिक्षित कृष्णवर्णीय जगातील आदर्श जोडपे म्हणून त्यांची जी कीर्ती झाली, तिच्या आड ॲलिसचे दुःख बराच काळ दडून राहिले, हे विसरता कामा नये. पत्राने वर्णाचा अडसर काही काळ दूर ठेवला. माणसाचा स्वभाव मात्र त्याने उघड केला नाही.

पत्राची जागा पुढे टेलिफोनने घेतली. १९५२ च्या आरंभी बॉस्टन विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास करणारे मार्टिन ल्यूथर किंग यांनी एका सामाईक मैत्रिणीकडून नंबर मिळवून संगीताची विद्यार्थिनी कोरेटा स्कॉट यांना फोन केला. दोघेही दक्षिणेतून आलेले, गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या शहरात शिकणारे आणि एकमेकांना पूर्णपणे अपरिचित होते. पहिला परिचय आवाजाचा झाला, भेट नंतर झाली. जून १९५३ मध्ये अलाबामात कोरेटांच्या माहेरच्या अंगणात त्यांचा विवाह झाला आणि पतीच्या आज्ञेत राहण्याचे वचन शपथेतून वगळावे, हा आग्रह कोरेटांनी पूर्ण करून घेतला.

संगणकाने जोड्या जुळवण्याचा अमेरिकी विद्यापीठांतील पहिला गाजलेला प्रयोग १९६५ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी केला. ‘ऑपरेशन मॅच’ नावाच्या या उपक्रमात तीन डॉलर भरून प्रश्नावली पाठवली की यंत्र जुळणाऱ्या व्यक्तींची यादी टपालाने धाडत असे. आंतरवंशीय विवाहावरील बंदी घटनाबाह्य ठरवणारा ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ हा निकाल तेव्हा दोन वर्षे दूर होता. या प्रयोगाचे जग प्रामुख्याने गोऱ्या विद्यार्थ्यांचे होते आणि कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या इतिहासात त्याला फारसे स्थान नाही.

खरा बदल घडवला तो १९९९ साली ओमर वासो आणि बेंजामिन सन यांनी सुरू केलेल्या ‘ब्लॅकप्लॅनेट’ या कृष्णवर्णीयांसाठीच्या संकेतस्थळाने. त्याच वर्षी अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने प्रसिद्ध केलेल्या अहवालात कृष्णवर्णीय घरांत इंटरनेट किती कमी पोहोचले आहे हे दाखवले होते. पण विद्यार्थ्यांना घरी नसलेली जोडणी विद्यापीठाच्या संगणककक्षात मिळत होती आणि म्हणून या नव्या जगात ते आघाडीवर राहू शकले. ब्लॅकप्लॅनेटवर प्रत्येक सभासद टोपणनाव घेई आणि स्वतःचे पान सजवी. पार्श्वभूमीचा रंग, पान उघडताच वाजणारे गाणे, आवडत्या ओळी, स्वतःविषयी चार वाक्ये या सर्वांसाठी संगणकाची सांकेतिक भाषा शिकावी लागे, आणि कित्येक तरुण ती या हौसेपोटी शिकले. एखाद्याचे पान आवडले की त्याला संदेश धाडायचा. उत्तर आले की संवाद सुरू. समोरची व्यक्ती दुसऱ्या राज्यात असेल किंवा त्याच आवारातील पलीकडच्या वसतिगृहात, आणि छायाचित्र दाखवायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. जेथे सर्वजण कृष्णवर्णीय आहेत अशा जागेत वर्ण सांगावा लागत नाही आणि चेहरा दाखवला नाही तर वर्णाची छटाही मोजली जात नाही. या दुहेरी सुटकेमुळे विनोदबुद्धी, वाचन, संगीताची आवड आणि लिहिण्याची धाटणी यांना निवडीत अग्रस्थान मिळू शकले. कृष्णवर्णीय विद्यापीठांत मुलींची संख्या मुलांपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे आवाराबाहेरही समविचारी जोडीदार शोधता येणे मुलींसाठी विशेष महत्त्वाचे होते.

जेथे सर्व वंशांचे लोक एकत्र येतात अशा संकेतस्थळांवर मात्र अनुभव वेगळा आला. ‘ओकेक्युपिड’ या जोडीदार शोधण्याच्या संकेतस्थळाचे एक संस्थापक ख्रिश्चन रडर यांनी २००९ आणि पुन्हा २०१४ साली आपल्या सभासदांच्या वर्तनाची आकडेवारी मांडली, तेव्हा कृष्णवर्णीय स्त्रियांना इतर वंशांच्या पुरुषांकडून मिळणारा प्रतिसाद लक्षणीयरीत्या कमी असल्याचे दिसले. निनावीपणाचे विषही याच काळात समोर आले : २०१३ साली निघालेले ‘यिकयॅक’ हे परिसरातील माणसांना नाव न सांगता लिहू देणारे ॲप विद्यापीठांत झपाट्याने पसरले, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये मिसूरी विद्यापीठात वंशभेदाविरुद्ध आंदोलन चालू असताना त्याच ॲपवरून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना ठार मारण्याच्या धमक्या दिल्या गेल्या. नाव झाकले की काहींना प्रेम व्यक्त करण्याचे धैर्य येते आणि काहींना द्वेष व्यक्त करण्याचे. म्हणून केवळ निनावीपणाला या समाजाच्या मुक्तीचे श्रेय देता येणार नाही. श्रेय द्यायचेच तर ते स्वतःच्या लोकांनी स्वतःसाठी राखलेल्या जागेला द्यावे लागते. २०१७ साली आलेले ‘बीएलके’ हे कृष्णवर्णीय अविवाहितांसाठीचे ॲप त्याच गरजेतून चालते, मात्र तेथे ओळखीचा आरंभ पुन्हा छायाचित्रापासून होतो.

या इतिहासाची साधने फार विषम आहेत. १९२० च्या दशकातील प्रेमाविषयी जे कळते ते बव्हंशी नियमपुस्तिका, अधिकाऱ्यांचे अहवाल आणि संपांच्या बातम्या यांतून, म्हणजे प्रेमावर पहारा ठेवणाऱ्यांच्या कागदपत्रांतून. डनबार आणि ॲलिस यांची पत्रे टिकली म्हणून त्यांचे सुख आणि यातना दोन्ही समजू शकले. टोपणनावांनी लिहिलेले हजारो संवाद ज्यांनी लिहिले ते आज मध्यमवयीन आहेत. त्यांच्या संमतीने ते संवाद आणि त्यांच्या आठवणी हॉवर्ड, फिस्क आणि स्पेलमन यांच्या अभिलेखागारांनी आताच गोळा कराव्यात.