इंट्रानेट : संस्थेच्या भिंतीआडचे संगणकजाल

एखादी संस्था केवळ आपल्या कर्मचाऱ्यांच्या वापरासाठी जे खासगी संगणकजाल उभारते, त्यास इंट्रानेट असे म्हणतात. परिपत्रके, रजेचे अर्ज, वेतनपत्रके, मालसाठ्याच्या नोंदी आणि ग्राहकांची माहिती या जालावर ठेवली जाते. इंटरनेटप्रमाणेच येथेही ब्राउझरमधून पाने उघडता येतात. मात्र बाहेरच्या व्यक्तीस ती दिसत नाहीत.

रचना

इंट्रानेट आणि इंटरनेट यांचे तंत्र एकच आहे. दोन्हींमध्ये माहितीची देवाणघेवाण टीसीपी/आयपी या नियमावलीनुसार होते. १९९०च्या दशकात वर्ल्ड वाइड वेबचा प्रसार झाल्यानंतर हेच तंत्र कार्यालयांतर्गत वापरणे कंपन्यांना सोयीचे वाटले आणि इंट्रानेट हा शब्द रूढ झाला.

खासगी जालांसाठी काही आयपी पत्ते राखून ठेवलेले आहेत. फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात त्यांची नोंद आहे. १० किंवा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते याच गटातील होत. त्यांना इंटरनेटवर थेट मार्ग मिळत नाही. त्यामुळे एकच पत्ता पुण्यातील कारखान्यात आणि कोलकात्यातील बँकेत एकाच वेळी वापरता येतो. जालाच्या वेशीवरील फायरवॉल ही यंत्रणा आत-बाहेर जाणारी माहिती तपासते.

निरनिराळ्या शहरांतील शाखा भाड्याच्या स्वतंत्र वाहिनीने किंवा व्हीपीएन या कूटबद्ध मार्गाने जोडल्या जातात. पुरवठादारांना वा वितरकांना जालाचा मर्यादित भाग खुला केल्यास त्यास एक्स्ट्रानेट म्हणतात.

भिंत पुरेशी आहे काय?

जाल खासगी आहे म्हणून ते सुरक्षित आहे, हा समज अनेकदा खोटा ठरला आहे. इराणमधील नतांझ येथील अणुकेंद्राची नियंत्रण यंत्रणा इंटरनेटपासून अलग होती. तरीही २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्रॅम तेथे पोहोचला. पेनड्राइव्हमार्फत पसरण्याची क्षमता त्यात होती.

जून २०१७ मधील नॉटपेट्या हल्ल्याने दुसरा धडा दिला. युक्रेनमधील एका लेखा सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून हा प्रोग्रॅम कंपन्यांच्या जालांत शिरला. एकदा आत आल्यावर विंडोज प्रणालीतील त्रुटी आणि चोरलेले पासवर्ड यांच्या साहाय्याने तो एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणकांवर यंत्रणा नव्याने बसवावी लागली. मुंबईनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील या समूहाच्या टर्मिनलचे कामकाजही विस्कळीत झाले. कंपनीच्या जालातील वापरकर्त्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या सर्व्हरची एक प्रत घाना येथे शाबूत राहिली. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेल्याने ते यंत्र जालापासून तुटलेले होते.

विभागणीचे महत्त्व

जालाचे भाग वेगळे ठेवल्यास हानी आटोक्यात राहते. कुडनकुलम अणुवीज प्रकल्पातील एका संगणकात घातक प्रोग्रॅम आढळल्याचे भारतीय अणुऊर्जा महामंडळाने ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्य केले. तो संगणक प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटशी जोडलेल्या जालातील होता. महत्त्वाचे अंतर्गत जाल त्यापासून अलग असल्याने प्रकल्पाच्या यंत्रणेस बाधा पोहोचली नाही, असे महामंडळाने स्पष्ट केले.

म्हणूनच आता अनेक संस्था आतील संगणकावरही आपोआप विश्वास ठेवत नाहीत. प्रत्येक वेळी ओळख पडताळणे, कर्मचाऱ्यास कामापुरतीच मुभा देणे, सॉफ्टवेअरमधील त्रुटी वेळीच दूर करणे आणि माहितीची एक प्रत जालाबाहेर जपून ठेवणे, ही पथ्ये त्यासाठी पाळली जातात. यांपैकी शेवटचे पथ्य सर्वांत साधे आहे. परंतु बाकीचे उपाय निष्फळ ठरल्यास संस्थेला पुन्हा उभे राहण्यासाठी त्याचाच आधार उरतो.