आराकश, करवत आणि चेन सॉ

उर्दूत करवतीला 'आरा' म्हणतात आणि ती चालवणाऱ्याला 'आराकश'. फारसीत 'कश' म्हणजे ओढणारा. मेहनतकश, सिगारेटकश हे शब्द त्याच घरातले. वर्गात हा शब्द आला की मी मुलांना 'कशमकश' हा शब्दही सोबत देतो. त्याचा मूळ अर्थ 'ओढ - ओढू नकोस'. दोन माणसे मोठी करवत चालवताना ज्याने पाहिली आहेत, त्याला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. एकाने ओढायचे, तेव्हा दुसऱ्याने फक्त सोडून द्यायचे. त्याने ढकलले तर पाते वाकते, अडकते आणि भांडण सुरू होते.

आपल्या घरांमध्ये करवतीची पहिली ओळख बहुधा गोष्टींतून होते. 'कससुल अंबिया' वाचले जाणाऱ्या घरांत हजरत जकरिया (अ.) यांची कथा सर्वांना माहीत असते. शत्रू मागे लागले, झाड दुभंगले, त्यांनी त्यात आश्रय घेतला, पण वस्त्राचे टोक बाहेर राहिले आणि झाडासकट त्यांच्यावर आरा चालवला गेला. ही कथा कुरआनात नाही, लोकपरंपरेतली आहे, हे येथे स्पष्ट केलेले बरे. हदीसमध्ये, म्हणजे 'सहीह मुस्लिम'मध्ये, जकरिया (अ.) सुतार होते एवढे मात्र येते. ज्याने आयुष्यभर करवत चालवली त्याचा शेवट लोकांनी करवतीनेच का रचला असेल, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. फिरदौसीच्या शाहनाम्यात जमशीद बादशहाचा शेवटही असाच होतो, जह्हाक त्याला आऱ्याने चिरतो. इकडे काशीला जाऊन करवत घेण्याची कल्पना मराठीत इतकी रुजली की 'काशी-करवत' हा शब्दच तयार झाला. पूर्वीच्या श्रद्धावंतांच्या डोक्यावर करवत ठेवून त्यांना चिरले गेले तरी ते डगमगले नाहीत, ही हजरत खब्बाब (रजि.) यांनी सांगितलेली हदीस 'बुखारी'त आहे. एकूण काय, साहित्यात करवत आली ती यातना म्हणून. तिच्या कष्टाबद्दल फार कोणी लिहिले नाही.

आणि कष्ट तर प्रचंड होते. फळी पाडायची म्हणजे ओंडका तिरका उचलून दोन लाकडांच्या कैचीवर टेकवायचा. एक जण वर चढायचा, दुसरा खाली उभा राहायचा. वरचा कोळशाने किंवा चुन्याने भिजवलेल्या दोरीने मारलेली रेघ सांभाळायचा. खालच्याच्या डोळ्यांत, नाकात, मानेवर दिवसभर भुसा पडत राहायचा. सागाचा भुसा कोरडा असतो, पण काही लाकडांच्या भुशाने अंगाला खाज सुटते. दात बोथट झाले की कानस घेऊन बसायचे. एक दात किंचित डावीकडे, पुढचा उजवीकडे वळवायचा, म्हणजे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पाते अडकत नाही. हे कळले नाही त्याच्या हातात कितीही महाग करवत द्या, उपयोग नाही. या एका गोष्टीत हजार वर्षांत काही बदल झालेला नाही, आणि चेन सॉच्या बाबतीतही ती खरी आहे.

लाकूड कापणे एवढे कष्टाचे होते म्हणून झाडे सुरक्षित होती, असे मात्र समजू नये. झाड वाचवण्यासाठी त्या काळीही आदेश काढावे लागले. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये हजरत अबू बक्र (रजि.) यांनी शामकडे निघालेल्या सेनापतीला केलेल्या सूचना आहेत. स्त्रिया, मुले आणि वृद्धांना मारू नका, या सांगण्याबरोबरच फळे देणारे झाड तोडू नका, हेही त्यात आहे. आपल्या महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे १८व्या शतकाच्या सुरुवातीला, आरमाराच्या प्रकरणात हाच विषय येतो. गलबतांसाठी साग वगैरे लाकूड परवानगीने तोडावे, कमी पडल्यास बाहेरून विकत आणावे. आंबा आणि फणसाचे लाकूडही आरमाराच्या कामाचे असते, पण त्यांना हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन तोडावे. मोबाइलवर हा मजकूर बहुतेक वेळा शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून फिरतो. तो अमात्यांच्या राजनीतीवरील ग्रंथातला आहे. अर्थात धोरण महाराजांच्या राज्यातून आलेले आहे, आणि ज्या आरमारासाठी हे लाकूड लागायचे त्याच्या प्रमुखांमध्ये दौलतखान होते, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे. १६७९ मध्ये खांदेरीच्या समुद्रात इंग्रजांशी लढणारे हेच ते दौलतखान.

पुढे इंग्रजांच्या काळात जहाजांची भूक वाढली. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले आणि ते आजही इंग्लंडमध्ये तरंगते आहे. ते मलबारच्या सागाचे आहे. त्या जहाजाची प्रत्येक फळी माणसाच्या हातांनी चिरली गेली. बांधणाऱ्या वाडियांचे नाव इतिहासात राहिले, करवत ओढणाऱ्यांपैकी कोणाचेही राहिले नाही.

आता चेन सॉकडे वळू. साखळीची करवत जंगलासाठी जन्मलीच नाही. १८व्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी ती वापरात आणली, आणि तीही हाडे कापण्यासाठी! बाळंतीण अडली तर ओटीपोटाजवळचा सांधा मोकळा करायला, किंवा सडलेले हाड काढायला. दातेरी कड्यांची बारीक साखळी, दोन्ही टोकांना मुठी, डॉक्टरने आलटून पालटून ओढायची. म्हणजे पुन्हा कशमकशच, फक्त दोन्ही हात एकाच माणसाचे. भूल देण्याचे औषध तेव्हा आलेले नव्हते. १८३०च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हाइने यांनी पट्टीभोवती साखळी फिरवणारे, हाताने दांडा फिरवून चालवायचे हाडकापी यंत्र बनवले. आजच्या चेन सॉचा आकार तिथे स्पष्ट दिसतो.

लाकडापर्यंत यायला आणखी शंभर वर्षे लागली. १९२६ मध्ये आंद्रेआस श्टिल यांनी विजेवर चालणारी लाकूडकापी साखळी करवत आणली. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंगियातील डोलमार डोंगरावर पेट्रोलवर चालणारी करवत चालवून दाखवली आणि डोंगराचेच नाव यंत्राला दिले. ही यंत्रे उचलायला दोन माणसे लागत. वजन कितीतरी, आवाज त्याहून जास्त. आराकशांची जोडी अजून सुटली नव्हती, फक्त मध्ये इंजिन आले होते. ती जोडी तुटली १९५०च्या दशकात. एका माणसाला पेलेल असे यंत्र आले आणि १९५९च्या 'कॉन्ट्रा' या मॉडेलने तर साधारण १२ किलोंत काम भागवले.

पण माझ्या मते खरी क्रांती इंजिनाने केली नाही, दातांनी केली. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सुरुवातीच्या साखळ्यांच्या दातांना वैतागला होता. ते सारखे घासावे लागत. १९४६ मध्ये त्याने एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती आपल्या जबड्यांनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कापत लाकडातून सहज पुढे जात होती, रेषा आडव्या असोत की उभ्या. कॉक्सने तसेच वाकलेले दात साखळीला आळीपाळीने डावे-उजवे बसवले आणि १९४७ मध्ये घराच्या तळघरातून विक्री सुरू केली. आज जगातील बहुतेक साखळ्या त्याच धर्तीवर आहेत. 'मसनवी' किंवा 'हिकायत' शिकवताना प्राण्याकडून माणूस शिकतो अशा गोष्टी पुष्कळ येतात. ही त्यातली घडलेली आहे.

आपल्या खेड्यांत आज जे यंत्र दिसते ते बहुधा मध्यम आकाराचे असते. इंजिन ५० ते ६० सीसीचे, पट्टी १८ ते २० इंचांची, नुसत्या यंत्राचे वजन पाच-सहा किलो. आंब्याचा बुंधा, सुरू, आकेशिया, पडलेला माड, सगळ्याला ते पुरते. टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. कंपनीचे चांगले ऑइल असेल तर सहसा लिटरला २० मिली, साधे असेल तर ४० मिली. यात काटकसर केली की पिस्टन जाम होतो. साखळीचे ऑइल वेगळ्या टाकीत असते आणि पेट्रोल संपेपर्यंत तेही जवळजवळ संपले पाहिजे. नाही संपले तर ते साखळीपर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. चिरेतून ढलप्या पडत असतील तर दात धारदार आहेत. बारीक पीठ पडू लागले की थांबून गोल कानस काढायची. हे न करता यंत्र लाकडावर दाबत राहणारे लोक इंजिनाला शिव्या देतात. जुने आराकश असते तर हसले असते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, रस्ते बंद झाले. तेव्हा रस्ते मोकळे करणाऱ्यांच्या हातात हीच यंत्रे होती. कुऱ्हाडीने ते काम किती दिवस चालले असते याची कल्पना करवत नाही. म्हणून यंत्राला दुष्ट ठरवणाऱ्यांशी माझे जमत नाही.

प्रश्न वेगाचा आहे. दोघांनी दिवसभर करवत ओढून पडणारे झाड आता चहा थंड होण्याआधी पडते. पूर्वी भाऊबंदकीत कोणी आंब्यावर करवत लावली तर दुसऱ्या भावाला शेजारच्या गावाहून येऊन अडवायला वेळ मिळायचा. महाराष्ट्रात १९६४ पासून झाडतोडीचा कायदा आहे. साग, खैर, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ अशी ठरावीक झाडे स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९७ मध्ये महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातील विनापरवाना सॉ मिल बंद करण्याचा आदेश दिला. सॉ मिल दिसते, तिला पत्रे असतात, वीजजोडणी असते, बाहेर ओंडक्यांची रास असते. मध्यम चेन सॉ मोटारसायकलवर पोत्यात गुंडाळून जाते. फिलिपिन्सने २००२ मध्ये वेगळा कायदा करून यंत्राचीच नोंदणी सक्तीची केली, म्हणजे झाडाबरोबर करवतीचाही हिशेब ठेवला.

राहिला चालवणारा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की यंत्र क्षणात उसळून तोंडाकडे येते. पूर्ण वेगात साखळी सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावत असते. यासाठी १९७०च्या दशकापासून पुढच्या मुठीसमोर ब्रेकचा दांडा बसवला जाऊ लागला. यंत्र उसळले की तो हाताला लागतो आणि साखळी थांबते. आमच्या भागात मजुरीवर झाडे कापणारी पोरे चपलेवर, लुंगीत किंवा हाफ पँटमध्ये काम करतात. तुटलेला दांडा बदलायचा खर्च नको म्हणून यंत्र तसेच चालवले जाते. मालक वेगळा, यंत्र त्याचे, पाय मजुराचा. जाड बूट, मांडीवर साखळी अडवणाऱ्या धाग्यांची पँट, डोळ्यांवर जाळी, कानांवर बोंडे, हे सगळे बाजारात मिळते. यंत्र विकत घेताना त्याचे पैसे सोबतच धरावेत, आणि जुने यंत्र घेत असाल तर आधी तो दांडा पुढे ढकलून साखळी थांबते का ते पाहावे.